तोरणमाळला, ट्यूबशिवाय

ऑक्टोबरात सायकलने तोरणमाळला निघाले आणि म्हसावदच्या पुढून परत आले. एका ट्यूबमध्ये अकरा काटे. डिसेंबरात तोरणमाळ गाठलं, पण त्याच्या पुढच्या जंगलवाटेवर मागचं चाक दगडावर आपटलं आणि रिमचा आठचा आकडा झाला. दोन्ही वेळा सायकल पिकअपमधून घरी आली. दुसऱ्यांदा बकऱ्यांसोबत.

त्या संध्याकाळी ओट्यावर उभी राहून मी मोठ्याने म्हणाले, "तिसऱ्यांदा ही गाडीत बसून घरी आली, तर विकून टाकेन."

मोठ्याने म्हणायला नको होतं. शेजारी कनकमलशेठचं भांड्यांचं दुकान आहे.

"मॅडम, विकायची तर मलाच," शेठ आतून म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, हालचाल करा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पातेल्यांची एक उतरंड हलवली. जागा बरोबर सायकलच्या लांबीची होती.

तेव्हा आधी चाकांबद्दल. ज्यांना सातपुड्यात सायकल न्यायची आहे त्यांनी हा भाग वाचावा, बाकीच्यांनी घाटापर्यंत उडी मारली तरी चालेल.

शहाद्यात माझी सायकल भटूदादा बघतात. तीस वर्षं तेच काम. वाकडी रिम त्यांनी दोन बोटांवर तोलून धरली.

"वं ताई, हाई रिम शे का पापड?"

"दगड मोठा होता, दादा."

"दगड मोठाच ऱ्हास."

जुनी रिम एका भिंतीची होती. डोंगरासाठी दुहेरी भिंतीची घ्यायची, म्हणजे आत पोकळ पेटीसारखी असते ती. छत्तीस स्पोकची अधिक मजबूत, पण माझ्या चाकाचा मधला हब बत्तीस भोकांचा, म्हणून ती बाद. रुंदी आतून तीस मिलिमीटर, म्हणजे जाड टायर नीट बसतो. कार्बनच्या हलक्या रिमचा विचार मी एक रात्र केला आणि सकाळी सोडला. वजन थोडं वाढलं तर वाढू दे. मीही वाढलेच आहे.

आणि ट्यूबलेस. रिमच्या भोकांवर हवाबंद टेप, वेगळा व्हॉल्व्ह, आत रुईच्या चिकासारखा पांढरा द्रव. काटा घुसला की द्रव तिथे जाऊन गोठतो. ट्यूबच नसल्यामुळे ती दगड आणि रिममध्ये चिमटण्याचाही प्रश्न नाही. भटूदादांनी हे सगळं ऐकून घेतलं.

"ट्यूब नही, मंग हवा कथा ऱ्हाई?"

"टायरमध्येच."

"अन् इतलासा चीक भोक बुजी टाकी?"

"म्हणतात."

"कोन म्हनस?"

मी इंटरनेट म्हणाले. रिम आणल्यावर जोडून द्यायला ते तयार झाले, पण चेहरा तसाच.

रिम सुरतेहून मागवल्या. दोन्हींचे मिळून साडेसहा हजार. ओळखीच्या ट्रकवाल्याने त्या विसरवाडीच्या फाट्यावर एका हॉटेलात ठेवल्या आणि मी एसटीने आणायला गेले. परतताना दोन्ही रिम गळ्यात अडकवून बसमध्ये चढले. कंडक्टरने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चाकं कुठं चालली?"

"शहाद्याला."

"मग त्यांनाच फिरू द्यायचं की."

"टायर नही शे ना त्यास्ले!" मागून एक म्हातारे ओरडले आणि नंदुरबार येईपर्यंत बसमध्ये प्रत्येकाने चाकांवर काही ना काही मत दिलं. इतकं हसत मी कुठली खरेदी घरी आणलेली नाही.

चाकं जोडून झाल्यावर, दुकानातून निघताना भटूदादांनी एक साधी ट्यूब माझ्या हातात दिली. "पिशवीमा ठेव. मन्हं ऐक." मी हो म्हणाले. घरी येऊन ती काढली आणि त्या जागी गुळाचे लाडू भरले. ट्यूबलेस सायकलला ट्यूब कशाला, असा माझा युक्तिवाद होता.

फेब्रुवारीतला शुक्रवार. पहाटे साडेपाचला शहादं सोडलं. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघाल्या होत्या, हलत, करकरत. त्यांच्या मागे राहू नका, ऊस अंगावर येतो. मला एक कांडं मिळालं. ते खात म्हसावदला पोचले.

चहाच्या टपरीशी सायकल लावली आणि टायर फिरवून पाहिला. बाभळीचा काटा, बुडापर्यंत आत. मी तो उपटला. फुस्स झालं, एक पांढरा थेंब आला, चाक थोडं फिरवलं आणि आवाज थांबला.

मी ओरडलेच. टपरीवरचे सगळे वळले. मी आणखी काटे शोधू लागले.

"काय शोधी ऱ्हायनी वं बहीन?" डोक्याला उपरणं बांधलेल्या एका शेतकऱ्याने विचारलं.

"काटे."

"मन्हा वावरमा ये. ट्रॉली भरी देसू."

तीन सापडले. तिन्ही काढले, तिन्ही बुजले. चौथ्यासाठी तो शेतकरीही उकिडवा बसला. ऑक्टोबरात याच गावापुढे मी रस्त्याकडेला ठिगळं लावत रडकुंडीला आले होते.

पुढे राणीपूर, मग चढ. शहादं ते तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर, त्यातला शेवटचा भाग सातपायरी घाटाचा. पाणी राणीपूरलाच भरा. घाटात मी चार वेळा उतरून चालले आणि त्याची लाज वाटली नाही. चालणं नियमात बसत होतं. दुपारी तीनला तलावाशी पोचले. खोली नऊशे रुपये, जेवणात ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि घसा धरणारा ठेचा. फेब्रुवारीतही दोन पांघरुणं लागतात.

शनिवारी सकाळी ती जंगलवाट. तलावापलीकडून एक कच्चा रस्ता पाड्यांकडे उतरतो. पाड्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना विचारलेलं नाही. डिसेंबरातल्या दगडावरून मुद्दाम गेले. ठाण् असा आवाज झाला. उतरून पाहिलं, रिमवर नखाएवढा ओरखडा. मी त्या दगडाला दोन शब्द सुनावले.

आता चूक. ट्यूबलेसमध्ये हवा कमी ठेवता येते. माझ्या वजनाला अठ्ठावीस पीएसआय ठीक. हवा थोडी सोडली की दगडगोट्यांवर चाक गादीसारखं जातं, हे मला पहिल्या उतारावर कळलं. दुसऱ्या उतारावर आणखी सोडली. तिसऱ्यावर किती होती ते सांगत नाही. ओहोळाच्या वळणावर सायकल तिरपी झाली, मागच्या टायरची कड रिमवरून निसटली आणि पांढरा चीक माझ्या पोटरीवर, सागाच्या पानांवर, सगळीकडे उडाला.

रिम सरळ होती. टायर धड होता. फक्त हवा नव्हती. आणि लाडू होते.

हातपंपाने शंभर वेळा मारलं. कड बसत नाही, हवा बाजूने निघून जाते. ती एका झटक्यात भरावी लागते, त्यासाठी कॉम्प्रेसर लागतो. ओहोळापलीकडे माणसांचा आवाज येत होता. सायकल ढकलत गेले.

एका घरावर कौलं चढत होती. वीसेक माणसं, खालपासून आढ्यापर्यंत रांग. ही लाहा. एकाच्या घरचं काम, गावचे हात. घरवाला जेवू घालतो. आज याच्या घरी, उद्या त्याच्या. घर सायसिंगचं होतं. तो शाळेतलं मराठी बोलत होता, हळू आणि नेमकं. शेजारी कौलं उतरवून रिकामा झालेला पिकअप उभा होता.

"टाका मागे," ड्रायव्हर म्हणाला. "शहाद्यालाच चाललोय. दोन तासांत घरी."

मला पातेल्यांच्या उतरंडीशेजारची जागा दिसली.

"नको," मी म्हणाले.

"का?"

का ते मी सांगितलं. शेठसकट सगळं. सायसिंगने ते त्यांच्या पावरी बोलीत इतरांना सांगितलं. मला फक्त हसणं कळलं. कौलांची रांग थांबली. सायसिंगची मावशी रायलीबाई खाली आली, टायर दाबून पाहिला, कड कुठून निसटते ते बोटाने चाचपलं. मग लाकडं बांधायचा दोर आणला, टायरभोवती मधोमध एक वेढा घेतला आणि त्यात काठी घालून पिळू लागली. दोर आवळला तसा टायर मध्ये दबला आणि दोन्ही कडा बाहेर फाकून रिमला टेकल्या.

पिकअपमध्ये पायाने दाबून धरायचा मोठा पंप होता. माझ्याजवळ चिकाची छोटी बाटली होती, ती ओतली. सायसिंगने पंप धरला. वीस-वीस दणके, मग पुढचा माणूस, क्षणभरही न थांबता, कौलं वर जातात तसा पंप हातोहात. पाचव्या माणसाला ठप्प आवाज झाला. एक कड बसली. सहाव्याला दुसरी.

सगळे ओरडले. ड्रायव्हर सगळ्यात मोठ्याने. मी रायलीबाईला मिठी मारली, तिच्या लुगड्याला चीक लागला, ती मला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमची गाय फार दूध देते," सायसिंग म्हणाला.

सगळे रांगेत परतले. निघून जाणं मला जमेना. खालून तिसऱ्या जागी उभी राहिले आणि दुपारपर्यंत कौलं वर दिली. तळहात सोलले. लाडू वीस जणांत अर्धा-अर्धा पुरले. जेवायला कोंबडी आणि मक्याची भाकरी होती. मी तीन खाल्ल्या.

रविवारी तोरणमाळहून घाट उतरले, अठ्ठावीसच हवा ठेवून. एका वळणावर गायला सुरुवात केली, ती राणीपूरला पोचल्यावर थांबले. माकडांनी रस्ता सोडला. दुपारी एकला शहादं. शेठ दुकानाच्या पायरीवर होते. त्यांनी माझ्यामागे रस्त्यावर दूरवर पाहिलं. पिकअप नव्हता.

"पूर्ण चालवत?"

"पूर्ण."

"अभिनंदन," शेठ म्हणाले. आवाज मात्र पडलेला. त्यांनी पातेली परत लावायला घेतली. मीही लावू लागले.

तर निष्कर्ष. दुहेरी भिंतीची रिम घ्या. काट्यांच्या मुलखात ट्यूबलेस करा. हवेशी खेळू नका. आणि पिशवीत एक ट्यूब ठेवा. भटूदादांना मी सगळं सांगितलं. ते नुसतं "हां" म्हणाले आणि दुसरी ट्यूब काढून दिली.

चार दिवसांनी सायसिंगचा फोन आला. कौलं संपली, घर झालं.

"तुमचं काम कधी?" त्याने विचारलं.

"कसलं काम?"

"तुम्ही आमच्या लाहात आलात. आता आम्ही तुमच्याकडे. वीस माणसं. रायलीमावशी पण."

माझं घर स्लॅबचं आहे, दोन खोल्यांचं. मी म्हणाले, टायर तुम्ही बसवून दिलात, फिटलं की.

"तो खेळ होता. तुम्ही कौलं दिली."

"पण माझ्याकडे काम नाही, दादा."



"काम नाही असं होत नाही," तो म्हणाला. "शोधा. होळीनंतर येतो."

तेव्हापासून मी शोधते आहे. गच्चीवर जाते, माळ्यावर चढते, मागच्या अंगणात उभी राहते. वीस माणसांना दिवसभर पुरेल असं काहीतरी इथे असलंच पाहिजे.