हिराकाकांची पाकळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही अडखळत.

नवीन पनवेलमध्ये मी चित्रकलेचा क्लास घेते. माझ्या फुलांचं लोक फार कौतुक करतात. चपट्या ब्रशच्या एका कडेला लाल रंग, दुसऱ्या कडेला पांढरा, मनगट एकदाच फिरवायचं — पाकळी तयार. ही पाकळी माझी नाही. कोन गावच्या हिराकाकांची आहे.

हिराकाका कळंबोलीत ट्रक रंगवायचे. मी डिप्लोमा केलेली, पण माझ्या चित्रांत जीव नव्हता — मलाच कळायचं ते. एकदा रिक्षातून जाताना ट्रकच्या मागच्या फळीवर ती फुलं दिसली, आणि मी उतरले. मग सहा महिने जात राहिले. "मना शिकवाला नाय येत," ते म्हणाले होते. "बस नि बघ." तरी चुकलं की माझं मनगट धरून फिरवायचे. घरच्या पोरीसारखं अगंतुगं करायचे, जेवलीस का विचारायचे.

क्लासचं पहिलं प्रदर्शन लावलं तेव्हा मीच त्यांना बोलावलं. ते यावेत असं खरंच वाटत होतं का मला? त्या सकाळी — नव्हतं. तोवर लोक मला चित्रकार म्हणायला लागले होते. नुसती शिकवणारी बाई नाही, चित्रकार.

एका मुलीच्या आईने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"कुठेच नाही," मी म्हणाले. "माझं मीच शोधलं."

वळले तर मागे हिराकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले. ऐकलं होतं त्यांनी. मी काय करायला हवं होतं? त्यांचा हात धरून पुढे आणायला हवं होतं — मी ओळखही दाखवली नाही. ते भिंतीवरची मुलांची फुलं एकेक करून बघत गेले. एका चिमुरडीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला येतं असं फूल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाय गो," म्हणाले, आणि निघून गेले.

आठ दिवसांनी मी कळंबोलीला गेले. माफी मागायलाच. ते शिडीवर होते. खाली उतरले, फडक्याला हात पुसले.

"बोला बाई. काय काम होता तुमचा?"

तुमचा — मला म्हणाले ते.

"काही नाही," मी म्हणाले. "इथून चालले होते."

आणि परत आले. त्या संध्याकाळी क्लासमध्ये पाकळ्याच घ्यायच्या होत्या. घेतल्या.