ज्याचं जनावर त्यानंच बोलायचं

बाइंडिंगच्या दुकानात दिवसभर काम केलं की कटिंग मशीनखाली कागदाच्या कातरणीचा ढीग होतो. साठवायचा म्हणून कुणी तो साठवत नाही. रोज थोडी थोडी पडते आणि एक दिवस बघावं तर गुडघ्याएवढा! किश्शांचंही तसंच असतं. आम्ही चौघं साठाहून जास्त वर्षं एकमेकांना ओळखतो, म्हणजे आमचा ढीग केवढा असेल बघा. पण तो उपसायला बसलो ते आक्काच्या दुखण्यामुळं. आता जीव भांड्यात पडलाय, म्हणून लिहितोय.

चौघं कोण ते आधी सांगतो. आक्का आमच्यात दोन वर्षांनी मोठी. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात तिनं जन्मभर शाळा शिकवली, आता पिरनवाडीला लेकाकडं असते. वकील बेळगावात काळा कोट घालून म्हातारा झाला. त्याला आम्ही नावानं हाक मारायची कधीच सोडून दिली. शिवाप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत मुकादम होता. आणि मी बाळू, बाइंडर, शिक्षण चौथी. लहानपणी चौघांची घरं बेळगावात एकाच बोळात होती.

मागच्या श्रावणात आक्काला अर्धांगाचा झटका आला. हातपाय महिनाभरात बरेच सावरले. वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतं. शब्द आत अडकलेत. बाहेर येतील, पण कधी ते मी सांगू शकत नाही. तुम्ही बोलत राहा, जुनं जुनं सांगा."

आमच्याकडं जुनं म्हणजे एकच. जनावरांची कॉमिक्स.

*

लष्करी कॅम्पातल्या साहेबांची बदली झाली की त्यांच्या घरची रद्दी आमच्या बोळातल्या दुकानात यायची. त्यात मुलांची रंगीत चित्रांची पुस्तकं असायची. कोट घातलेला कोल्हा, पदर बांधून भांडी घासणारी कोंबडी, चष्मा लावलेलं गाढव, आणि एक लठ्ठ अस्वल. सगळं इंग्रजी! आमच्यातल्या कुणालाच अक्षर कळत नव्हतं. मग आक्कानं तोडगा काढला. तोंडातून फुगा निघालाय ना, म्हणजे जनावर बोलतंय. काय बोलतंय ते आपण ठरवायचं.

तिनं जनावरं वाटून दिली. कोंबडी स्वतःला, कोल्हा वकिलाला, अस्वल मला. शिवाप्पा उशिरा आला, त्याला गाढव उरलं. त्याच दिवशी कायदा झाला: ज्याचं जनावर त्यानंच बोलायचं. दुसऱ्याच्या जनावराला तोंड लावायचं नाही. एक जण जरी आला नसला तरी पुस्तक उघडायचं नाही.

शिवाप्पा घरी कन्नड बोलायचा, त्यामुळं गाढवही कन्नड बोलायला लागलं. वकील चिडला. "तुझ्या गाढवाला मराठी येत न्हाय व्हय रं?"

शिवाप्पा म्हणाला, "येतं की! पण ओझं जड झालं की कन्नडच येतं!"

*

वकिलाचा कोल्हा पहिल्यापासून कायद्याचा.

एका चित्रात कोल्हा कुंपणावरून उडी मारतोय आणि त्याच्या हातात अंड्यांची टोपली आहे. मागं कोंबडी लाटणं घेऊन उभी. आक्कानं कोंबडीच्या आवाजात दरडावलं, "चोरा, माझी अंडी ठेव खाली!"

वकील तेव्हा नऊ वर्षांचा. चित्राकडं नीट बघून म्हणाला, "टोपली माझ्या हातात हाय, हे मान्य. पण अंडी तुझी हाईत असं कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं भरपूर होतं. पण इंग्रजीत! आम्हाला कुणालाच वाचता येईना. कोल्हा सुटला. हा पोरगा वकील होणार हे बोळातल्या सगळ्यांना त्या दिवशी कळलं.

*

आक्का मास्तरीण झाली आणि आमचा कायदा तिनं शाळेत नेला. शुक्रवारी दुपारी एक पुस्तक उघडायचं आणि पोरांनी जनावरं वाटून घ्यायची. कोंबडी अर्थात बाईंची.

एकदा तपासणीला साहेब आले. वर्गात बेडूक ओरडतोय, डुक्कर रडतंय, आणि बाई कमरेवर हात ठेवून कोंबडीसारख्या भांडताहेत. साहेब दारातच थबकले. मग गालात हसत आत आले आणि पुस्तक बघून म्हणाले, "मी बोलू का हिचं?"

अख्खा वर्ग ओरडला, "न्हाय साहेब! कोंबडी बाईंची हाय!"

"मग मला कोण?"

पोरांनी पान उलटसुलट करून बघितलं. सगळी जनावरं वाटून झाली होती. शेवटी एक पोरगी म्हणाली, "साहेब, ह्यो कुंपणाचा खांब कुणी घेतला न्हाय."

साहेबांनी खांब घेतला! पान संपेपर्यंत ताठ उभे राहिले, आणि मधेच एकदा खोल आवाजात म्हणाले, "मी इथंच आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं: "वर्ग उत्तम. चालले होते ते काय, हे समजले नाही."

*

हा किस्सा माझ्या चुकीचा.

पुस्तकांची पानं सुटायला लागली, तेव्हा मी ती सगळी एकत्र शिवून एक जाडजूड बाड बांधलं. छान पुठ्ठा घातला, कापडी पाठ लावली. कडा सरळ दिसाव्यात म्हणून मशीनवर तीन बाजूंनी कापलं. हात सवयीनं चालला, मी पानांकडं बघितलंच नाही. कोल्हा बिचारा जवळजवळ प्रत्येक पानावर पळत असायचा, त्यामुळं त्याची शेपटी कायम कडेला. सगळ्या शेपट्या कापल्या गेल्या!

आठवड्यानं दुकानावर रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. "माझे अशील कोल्हा, वय अंदाजे चाळीस, धंदा लबाडी, राहणार आपण बांधलेले बाड, यांची शेपटी आपण निष्काळजीपणे छाटली आहे. सात दिवसांत ती परत न केल्यास पुढील कारवाई करण्यात येईल."

मला रात्रंदिवस काही सुचेना. वकील चेष्टा करतोय हे कळत होतं, पण चूक माझीच होती. दुकानाच्या मागं कातरणीची पोती होती. ती ओतून मी एक एक पट्टी चाळली. सहाव्या दिवशी तेवीस शेपट्या पाकिटात घालून वकिलाच्या ऑफिसात पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी वकील पाकीट घेऊन दुकानात हजर. चष्मा नाकावर ओढून म्हणाला, "बाळू, ह्यातल्या दोन आमच्या न्हाईत. मांजराच्या हाईत."

हा किस्सा आक्काच्या खाटेपाशी वकिलानंच सांगितला, नोटिशीच्या भाषेसकट. तेव्हा आक्काच्या ओठाचा डावा कोपरा जरासा हलला. आम्ही तिघं एकदम वाकून बघायला लागलो. पण शब्द आला नाही.

*

वकिलाची सून कॉलेजात इंग्रजी शिकवते. गुणी पोरगी. वकील आणि आक्का पुढं इंग्रजी शिकले होते, पण आमचा खेळ मोडायला नको म्हणून ते फुगे दोघांनीही कधी वाचले नव्हते. आक्का आजारी पडायच्या दोनेक वर्षं आधी तिनं आमचं बाड बघितलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं झाली, खरं काय लिहिलंय ते तरी ऐका. मी वाचून दाखवते."

एक पान आमच्या फार आवडीचं. गाढव सकाळी कोंबडीच्या दारात येतं. शिवाप्पाचं गाढव तिथं "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, इथून सुरू करायचं. मग लेकरं कशी हाईत, म्हशीचा पाय बरा हाय का, बोरगावच्या पाहुण्यांचं काय झालं, असं करत करत चहा येईपर्यंत थांबायचं नाही. सगळं त्या लिंबाएवढ्या फुग्यात!

सुनेनं वाचलं. "मामा, गाढव नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणतंय."

शिवाप्पाचा चेहरा पडला. "एवढंच? एवढ्या लांबून आलं आणि ऊटा आयता सुद्धा विचारलं न्हाय?" मग म्हणाला, "लई कोरडी माणसं रं ही!"

मी विचारलं, "अस्वल काय म्हणतंय?"

"काही नाही हो. फुग्यात नुसतं घोरणं आहे, झोपलंय."

मी त्या चित्रात गेली साठ वर्षं बोलत होतो!

सून पुढचं पान उलटणार, तेवढ्यात आक्कानं बाड अलगद मिटलं. म्हणाली, "गुणाची गं माझी बाय. आता चहा घे, आणि हे परत कधी वाचू नगंस."

*

तर दर रविवारी सकाळी दहाला आम्ही तिघं पिरनवाडीला. शिवाप्पा निपाणीहून पहिल्या बसनं यायचा. आक्काला उशीला टेकवून बसवायचं, मांडीवर बाड ठेवायचं आणि सुरू करायचं.

पहिल्याच रविवारी अडलं. कोंबडीचं चित्र आलं. आता कोंबडीचं बोलणार कोण?

शिवाप्पा हळूच म्हणाला, "तेवढ्यापुरतं मी करू काय?"

"अजिबात नाही," वकील म्हणाला. "कायदा म्हणजे कायदा."

"आरं, पर तिला बोलता येत न्हाय."

"म्हणून तिची कोंबडी दुसऱ्याला द्यायची? आज दिली की ती म्हणंल, माझं काम संपलं!"

वकील आयुष्यात बऱ्याच केसेस हरला असेल, पण हे तो बरोबर बोलला. ठरलं असं की कोंबडीच्या फुग्यापाशी थांबायचं. आक्काकडं बघायचं नाही, तिला घाई वाटेल. पानाकडं बघत गप्प बसायचं. मग वकिलानं मान हलवली की पुढं.

कोंबडी बोलकी. एका पानात पाच-सहा फुगे तिचे. त्यामुळं आमचा निम्मा वेळ गप्प बसण्यात जायचा. एकदा आक्काला व्यायाम द्यायला येणारी सिस्टर दारात आली. बघते तर तीन म्हातारे माना खाली घालून चिडीचूप. ती घाबरली. चप्पल काढून हळूच आत आली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "काका, कुणी गेलं काय?"

मी म्हणालो, "न्हाय बाई. कोंबडी यायची हाय."

सिस्टरनं त्या दिवशी आक्काच्या आधी माझं बी.पी. बघितलं!

दिवाळी झाली, संक्रांत झाली. आक्का चित्रं बघायची, पानं उलटायला मदत करायची, कधी घशातून "अं" असा आवाज काढायची. शब्द नाही. परत जाताना बसस्टॉपवर शिवाप्पा एकदा म्हणाला, "आपण तिला उगाच तरास तर देत न्हाय न्हवं?" पण पुढच्या रविवारी तिघंही दहाच्या आधीच पोचलो होतो.

*

आणि मग फेब्रुवारीतला तो रविवार.

त्या दिवशी पुराची गोष्ट काढली होती. सगळी जनावरं नदीच्या पात्रात सहलीला बसलेली. चादर पसरलीय, कोल्हा केक कापतोय, गाढव गाणं म्हणतंय. वर टेकडीवर अस्वल एकटं उभं आहे, आणि त्याला लांबून पाण्याचा लोंढा येताना दिसतो. त्यानं ओरडून सगळ्यांना सावध करायचं असतं. पानावर एकच मोठा फुगा, लाल अक्षरांचा. माझा.

वकिलाचा कोल्हा केक वाटून बसला. शिवाप्पाचं गाढव गाऊन दमलं. कोंबडीच्या दोन फुग्यांपाशी आम्ही रीतसर गप्प बसलो. वकिलानं मान हलवली. पान उलटलं. लाल फुगा आला.

मी मुळात संथ बोलणारा माणूस. त्यात चष्म्याची काच धुरकट झाली होती. ती धोतराच्या सोग्यानं पुसली. चष्मा लावला. घसा खाकरला. पाण्याचा एक घोट घेतला. तोंड उघडलं…

"पळा!"

आवाज माझा नव्हता. फाटका, खरखरीत, पण खणखणीत. शिवाप्पानं हातातली कपबशी खाली ठेवली. स्वयंपाकघरातून आक्काचा लेक पिठाच्या हातानं धावत आला. आक्का माझ्याकडं बघत होती, भुवया चढवून, वर्गातल्या पोराकडं बघावं तशी.

वकिलाचे डोळे भरून आले होते, पण जन्माची सवय. हात वर करून म्हणाला, "आक्का, हरकत हाय! ते वाक्य बाळूचं हाय. ज्याचं जनावर त्यानंच बोलायचं, कायदा तूच केलास!"

आक्कानं श्वास घेतला. ओठ जुळवले. एक एक शब्द विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर काढत म्हणाली,

"ह्यो… बोलंस्तवर… सगळी… बुडत्यात की रं!"