मायाक्काची नाडी

ॲनॅटॉमी शिकवणाऱ्याकडं दोन गोष्टी साठत जातात. हाडं आणि किस्से. हाडं निदान कपाटात मावतात हो!

तासगावच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला जतकडची मायाक्का आली. घरी मेंढरं. पेपरात जठराची आकृती आली. हिनं चार कप्पे काढले. नावं बरोबर, चित्र सुरेख, फक्त जठर मेंढीचं! पोरगी नापास. घरनं बापाचा निरोप आला, "पुन्हा नापास झाली तर लगीन लावून टाकतो." पण वर्ग गुणी निघाला. सगळी तिला शिकवायला बसली.

रूपालीची द्राक्षबाग. तिनं किडनी घेतली. "ठिबकचा फिल्टर असतोय न्हवं, तसंच गं."

मी विचारलं, "आणि किडनी तुंबली तर?"

मायाक्का म्हणाली, "पाइपचं तोंड खोलायचं मॅडम, आन फ्लश मारायचा!"

कोयनानगरची अश्विनी हाडं शिकवायची. एका दुपारी सांगाडा आपोआप खुळखुळायला लागला. भूकंप! आम्ही सगळे धूम मैदानात. अश्विनी आणि मायाक्का आतच. मी हाका मारून दमले. अश्विनी खिडकीतनं ओरडली, "आवं मॅडम, लय बारका हाय! बरगड्या झाल्या की येतो!"

स्नायू विक्रमकडं. त्याचे वडील रिटायर्ड सुभेदार. मी विचारलं, "माणूस ताठ कशानं उभा राहतो?" मायाक्का पाठीच्या स्नायूंची नावं आठवत बसली. विक्रम म्हणाला, "आमच्या घरी तर वडलांच्या आवाजानं!"

शेवटी तोंडी परीक्षा. बाहेरनं आलेले सर भलते कडक. मी शेजारच्या खुर्चीत.

"नॉर्मल नाडी किती?"

"बहात्तर, सर."

"स्वतःची मोज."

मोजली. "एकशे तीस."

"एवढी का?"

मायाक्का एका दमात सुटली, "ॲड्रिनल ग्रंथीनं ॲड्रिनलिन सोडलंय सर. त्यानं काळीज पळतंय, तळहात घामेजल्यात, तोंडातली लाळ आटलीय. समोर तुमी हाय, आन घरी बा स्थळ बघून बसलाय!"

सरांनी पेन खाली ठेवलं. स्वतःचा ग्लास तिच्यापुढं सरकवला. "पाणी पी, बाळ."

"आदी पास का नापास त्ये सांगा सर," मायाक्का म्हणाली, "तवर घशाखाली उतरायचं न्हाई!"