कर्नलसाहेबांचा नसलेला बंगला

२००८ च्या नोव्हेंबरात ऑफिसातल्या कुणीतरी फोटो पाठवला: मुळशी धरणाच्या काठचा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला बंगला, आता रिसॉर्ट. रंगीत काचा, लोखंडी नक्षीचा व्हरांडा. आम्ही नवराबायको शनिवारी सकाळीच बाइकवर निघालो. पौडला मिसळ खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. रस्ताही तिथूनच कंबरडं मोडायला लागतो.

खोली अडीच हजारांना, दोन जेवणं धरून. पिठलं-भाकरी झकास. दाराशी पितळी पाटी: हा बंगला एका इंग्रज कर्नलने आपल्या कुटुंबासाठी बांधला. संध्याकाळी गारठा पडला, म्हणून मी दिवाणखान्यातली फायरप्लेस पेटवायला सांगितली आणि समोर पाय पसरून फोटोही काढून घेतला.

रविवारी सकाळी तिथली राख भरायला हिराबाई आल्या. साठीच्या, जवळच्याच वाडीतल्या. मी कर्नलबद्दल विचारलं, तर त्यांनी केरसुणी खाली ठेवली.

"कंचा कर्नल? माझ्या सासऱ्याच्या आज्यानं बांधलंय ह्ये."

हे आजोबा इंग्रजांना हिरडा आणि लाकूड पुरवायचे. पैसा आला तसा साहेबासारखाच बंगला हवा म्हणून त्यांनी हौसेनं बांधून घेतला, धुराड्यासकट. पण बसायच्या खोलीत विस्तव कशाला पेटवायचा, हे घरात कुणाला कळेना. भिंतीतला एवढा छान कोनाडा रिकामा कसा ठेवायचा, म्हणून तिथे देवांचे टाक मांडले. बंगला विकेपर्यंत तिथे समईखेरीज काही पेटलं नाही. विकताना सासऱ्यांनी एकच मागणं केलं होतं: दरवर्षी भाताची पहिली लोंबी तिथे ठेवू द्यायची. घेणाऱ्यानं शब्द दिला, कागदावर काही नाही.

"यंदा लोंबी घिऊन आले, तर म्हनले पाव्हण्यांसमोर नको. घरात नवा तांदूळ अजून शिजवला न्हाई आमी."

मला आधी स्वतःची लाज वाटली आणि मग भयंकर संताप आला. मॅनेजरला गाठलं. पाटी खोटी आहे, म्हटलं. बाईंना दोन मिनिटं तिथे लोंबी ठेवू द्या.

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कर्नल म्हटलं की लोक येतात. गावच्या माणसाचं घर बघायला कोण येणार?"

म्हणजे ज्यांचं घर त्यांच्या हातात केरसुणी, आणि जो कर्नल कधी जन्मालाच आला नाही त्याला पितळेची पाटी! एवढं धडधडीत खोटं मी आजवर कुणाच्या दारावर पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर मालकांना लांबलचक ईमेल लिहिली: पाटी बदला, तिथली आग बंद करा, हिराबाईंना त्यांची लोंबी ठेवू द्या. तुम्हाला सांगते, बंगला सुंदर आहे, जरूर जा. पण तिथे विस्तव मागू नका, आणि तो कुणी बांधला ते वाडीत विचारा.

आठवड्यानं उत्तर आलं. गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि पुढच्या खेपेला फायरप्लेस आमच्यातर्फे मोफत.