तीनच्या खेळाचा पाहुणा

“सातव्या रिळातली चार मिनिटं कुठं गेली?”

वसंत केबिनच्या दारात उभा होता. खेळ नुकताच सुटलेला, मी घामानं निथळत होतो आणि चहा यायचा होता.

“कुठली चार मिनिटं? जा बाबा घरी.”

“बाकावरची. संत्रं सोलत्यात ती.”

मी दचकलो, कारण तो तुकडा मीच त्या सकाळी कापला होता. तासगावच्या एका थिएटरात मी एकवीस वर्षं ऑपरेटर होतो. म्हणजे पडद्यावर सिनेमा दाखवणारा. तेव्हा नव्वदीची मधली वर्षं चालली होती. आमच्याकडे एक मराठी विनोदी प्रेमपट तिसऱ्या आठवड्यात होता. त्यातला हिरो कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, जिन्याच्या पायऱ्या मोजतो, ठरलेल्या वाटेनंच ऑफिसला जातो. पब्लिक त्याला खदाखदा हसायचं. सातव्या रिळात तो आणि हिरॉईन एसटी स्टँडच्या बाकावर बसतात. ती संत्रं सोलते, तो बिया ओळीत मांडतो. चार मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. लोक त्या वेळी विडी ओढायला बाहेर जायचे, म्हणून मालक अण्णा म्हणाले, “काप ते. खेळ येळंत सुटंल.” मी कापलं.

वसंत तीस-एकतीसचा असेल. घरचं बेदाण्याचं शेड होतं, तिथं बेदाणा निवडायला त्याच्यासारखा माणूस नव्हता. रंग, आकार बघून असा वेगळा करायचा की व्यापारी त्याचा ढीग परत तपासत नसत. पण बोलणं कमी, नजर खाली, मोठा आवाज झाला की कानांवर हात. गाव त्याला ‘यडं’ म्हणायचं. पुढे बऱ्याच वर्षांनी सांगलीच्या एका डॉक्टरांकडून मी ऑटिझम हा शब्द ऐकला आणि पहिल्यांदा वसंतच डोळ्यांसमोर आला. तेव्हा आमच्याकडे ‘यडं’ एवढाच शब्द होता, आणि तो मीही वापरलाय. लाज वाटते सांगायला.

त्याची ओळख मला बोटामुळे झाली. सिनेमा एका दमात चालत नसतो. दोन मशिनं असतात. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं, त्याला चेंजओव्हर म्हणतात. ते कधी करायचं हे कळावं म्हणून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक गोल ठिपका क्षणभर येऊन जातो. ऑपरेटर सोडला तर तो कुणालाही दिसत नाही. तुम्ही शेकडो सिनेमे बघितले असतील, पण ठिपका बघितला नसेल. वसंत मात्र रोज तीनच्या खेळाला तिसऱ्या रांगेत बसायचा आणि प्रत्येक ठिपक्याला बोट वर करायचा. केबिनच्या झरोक्यातून ते बोट दिसलं, तेव्हा मी उडालोच.

वसंत केबिनवर येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. “आवं ऑपरेटर, काय केलंसा? कालपास्नं जेवला न्हाई. मी हाय तवर त्याचं बघीन. माझ्यामागं त्याच्यासंगं ताटाला कोण बसंल?” माउली पदर तोंडाला लावून रडली.

बाजाराच्या दिवशी आणखी एक तक्रार आली. पलूसच्या एक बाई नणंदेला, मंगलला, घेऊन दर बाजाराला यायच्या. मंगल अठ्ठावीसची, घरी साड्यांना फॉल-पिको करायची. बाल्कनीत पहिल्या रांगेत बसायची. इंटरव्हलला वहिनी माझ्याकडे आल्या. “ही म्हणती पिच्चरमधला शीन कापलाय. रडायलीय. कापलाय व्हय?”

मागे मंगल भिंतीकडे बघत उभी होती. तेव्हा मला आठवलं. ठिपका आला की बाल्कनीच्या कठड्यावर, हिच्याच जागेशी, टकटक वाजायची. मी समजायचो, कुणीतरी बांगड्या आपटतंय.

मी तडक अण्णांकडे गेलो. “अण्णा, तुकडा परत जोडतो.”

“का रं? कुणी मागितला?”

“दोघांनी.”

“दोघांसाठी?” अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. “जोड बाबा. पर खेळ उशिरा सुटला तर यष्टी तू थांबीव.”

तुकडा मी जपून ठेवला होताच. जोडला. पुढच्या बाजाराला हाताखालच्या पोराला मशिनपाशी बसवून मी पडद्याशेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो, म्हणजे चेहरे दिसतील. बाकावरचा सीन लागला, लोक उठून गेले. खाली वसंत हसत होता, वर मंगल हसत होती. बाकीचं पब्लिक हसायचं तिथं दोघांचे चेहरे कोरे. शेवटच्या रिळात हिरो एकदम स्मार्ट होतो, गाणं म्हणत नाचतो. तिथं वसंत डोळे मिटून घ्यायचा. एकदा विचारलं तर म्हणाला, “तो दुसराच माणूस हाय.” मलाही ते पटलं.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. आयुष्यात कुणाचं लग्न जमवलं नव्हतं, पण मी वसंतच्या आईला घेऊन पलूसला मंगलच्या भावाकडे गेलो. भाऊ मिलिटरीतून रिटायर झालेले सुभेदार. मिशा पिळलेल्या, बोलणं तोडून. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माझ्या भनीला तीन ठिकाणांहून नकार आल्यात. चौथ्यांदा तिचा तमाशा हुयाला नको. जबाबदारी तुमची.”

“माझी,” मी छाती फुगवून म्हणालो. बघण्याचा कार्यक्रम पलूसला सुभेदारांच्या घरी, मीच ठरवला. दिवस बाजाराचा, वेळ दुपारी एकची, म्हणजे जेवणं आटोपून निवांत. बदली ऑपरेटर ठरवून मी रजाही टाकली. इथंच मी शेण खाल्लं, पण ते तेव्हा कळलं नाही.

कार्यक्रमाला चौदा माणसं. सगळी एकदम बोलणारी. मंगलचा मामा शेतीचं विचारतोय, तिची आत्या शिक्षणाचं. वसंत मांडी घालून बसला होता, पोह्यांतले शेंगदाणे एकीकडे करत. मंगल पाटावर बसली, नजर जमिनीला. आत्या म्हणाली, “पावणं, काय इचारायचं आसंल तर इचारा.”

वसंतनं शेवटचा शेंगदाणा बाजूला केला. मग म्हणाला, “दुसऱ्या रिळात ठिपका लौकर येतो. बघितलास?”

“व्हय,” मंगल म्हणाली. “तिथं फिलम तुटलेली हाय.”

मामा आणि आत्या एकमेकांकडे बघायला लागले. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मी खुशीत मान डोलावली, म्हटलं जमलं! तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी झाले. वसंत उठला, चपला घातल्या आणि चालू लागला.

“आवं, कुठं निघाला?” मामा ओरडला.

“तीनचा खेळ,” दारातून उत्तर आलं.

एकच गिल्ला उठला. बघण्याच्या कार्यक्रमातून मुलगा सिनेमाला गेला! वसंतच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. सुभेदार माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “माझी भन म्हंजे चेष्टा वाटली व्हय तुमास्नी?”

मी कपाळावर हात मारला. तो माणूस रोज तीनला कुठं असतो, हे अख्ख्या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मीच पलूसला एकची वेळ दिली होती. “सुभेदार, चूक माझी हाय,” मी म्हणालो.

तेवढ्यात मंगल आतून आली. नव्या साडीवरच खांद्याला रोजची पिशवी, पायांत चपला. कुणाकडे न बघता म्हणाली, “वहिनी, चला. दोनची यष्टी चुकंल.”

“तू कुठं निघालीस?” सुभेदार गरजले.

“बाजाराचा दिवस हाय. तीनचा खेळ.”

सुभेदार तिच्याकडे बघत राहिले. मग घड्याळाकडे. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ते हळूच म्हणाले, “आज सकाळपास्नं सतरांदा घड्याळ बघत हुती पोर. मला वाटलं, घाबरली.” मग माझ्याकडे वळून आवाज चढला, “एकचा टाइम कुणाला इचारून दिलासा वो? माणूस टायमाला उठला, त्याचं काय चुकलं? चुकलं तुमचं!” आणि माझी बाजू न ऐकताच टोपी घालून बाहेर पडले. “चला समदी! यष्टी सुटंल!”

एसटी निघतच होती. वसंत खिडकीशी बसला होता, शेजारची जागा रिकामी. मंगल जाऊन बसली. वाटेत दोघं एक शब्द बोलली नाहीत. मागच्या बाकावर आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. मध्येच मंगलनं खिडकीतून कशाकडे तरी बोट दाखवलं, वसंतनं मान हलवली. त्याची आई माझा दंड घट्ट धरून बसली होती.

थिएटरात पोहोचल्यावर वसंत खाली तिसऱ्या रांगेत गेला, मंगल वर बाल्कनीत. सुभेदार पायऱ्यांशी थांबून म्हणाले, “आता हे काय? शेजारी न्हाई बसायचं?”

“जागा ठरलेल्या हायेत त्यांच्या,” मी म्हणालो. सुभेदार पहिल्यांदा हसले. “मग लगीन ठरवूया.”

लग्न पलूसला झालं. बँड नाही, फटाके नाहीत, अक्षता टाकायला पंचवीस माणसं. सुभेदार मंडपाच्या दारात उभे राहून मोठ्यानं बोलणाऱ्याला डोळे वटारत होते. असं शांत लग्न मी पुन्हा बघितलं नाही. वर्षभर नवरा खाली आणि बायको वर बसून सिनेमा बघत होती. मग एक दिवस वसंतनं, कुणी न सांगता, बाल्कनीचं तिकीट काढलं. मी झरोक्यातून बघितलं आणि माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? त्याची आई त्यानंतर बरीच वर्षं होती. शेवटच्या भेटीत म्हणाली, “ऑपरेटर, दोघं एका ताटात जेवत न्हाईत, पर एका टायमाला जेवत्यात. मला लय झालं.”

नंतर मी आणखी दोन लग्नं जमवली. आपले लोक पत्रिका बघतात, नातीगोती धुंडाळतात, पाच पिढ्या मागे जातात. मी आधी एवढंच विचारतो, की पोरगं दिवसातली कुठली वेळ कुणासाठीही मोडत नाही. मग कार्यक्रम त्याच्या आधी किंवा नंतर ठेवतो.