मोजणीबाई

बाईंसमोर ‘लगेच’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. चहावाला म्हणाला, “लगेच आणतो,” की बाई मान वर न करता विचारायच्या, “लगेच म्हणजे किती?” तो हसायचा. बाई हसायच्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. तो म्हणायचा, “पाच मिंटं.” मग बाई घड्याळ बघायच्या आणि तो अकरा मिनिटांनी आला की सांगायच्या, “अकरा.” त्यात राग नसायचा, टोमणा नसायचा. फक्त आकडा असायचा.

आमच्या भागात मोजणी म्हटलं की लोकांना बांधाची भांडणं आणि साखळी घेऊन आलेला सरकारी माणूस आठवतो. बाई मोजायच्या ते निराळंच, पण नाव चिकटलं ते तेच. मोजणीबाई.

मंचरला सुमतशेठांचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी चार कॉम्प्युटर मांडून ऑफिस थाटलं होतं. साल दोन हजार चार-पाच असेल. मी अवसरीचा, नुकताच इंजिनियर झालेला, पुण्यात नोकरी न मिळालेला. बाई पंचेचाळिशीच्या. जुन्नरला भावाकडे राहायच्या आणि रोज एसटीने यायच्या. आधी शाळेत गणित शिकवायच्या. नव्वदच्या दशकात शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यावरचं कापड काढायला कोणी धजेना. बाईंनी ते काढलं, आणि पुढे त्यासाठी शाळाही सोडली.

आम्ही एका धर्मादाय संस्थेसाठी वेबसाइट बनवत होतो. जुन्नर-आंबेगावातले तीसेक खाजगी दवाखाने त्या संस्थेशी जोडलेले होते. सर्पदंशावरची लस सगळीकडे नसते. म्हणून प्रत्येक दवाखान्याने रोज सकाळी आपल्याकडच्या बाटल्यांची नोंद करायची, आणि पेशंट आला की कंपाउंडरने ‘लस कुठे आहे’ हे बटण दाबायचं. जवळच्या दवाखान्यांची यादी समोर यायची. एवढंच काम.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात नियम केला. प्रत्येक पान बनवायला सुरुवात होते तिथे एक ओळ लिहायची, घड्याळ नोंदवणारी. पान संपतं तिथे दुसरी ओळ. दोन्हींची वजाबाकी एका फाइलमध्ये साठवायची. दर सोमवारी त्या फाइलचा तक्ता छापून बाई भिंतीवर लावत. कोणतं पान किती सेकंदांत तयार झालं आणि ते कोणी लिहिलंय, हे त्यात असे. जास्त वेळ घेणाऱ्या पानांखाली लाल रेघ.

मी एकदा सुचवलं, “बाई, सरासरी लिहा ना. दीड सेकंद येते.”

“सरासरी दवाखान्यात येत नाही,” त्या म्हणाल्या. “माणूस येतो. सगळ्यात जास्त वेळ ज्याला लागला, त्याचा आकडा लिही.”

तक्त्यावर पान एका सेकंदाचं दिसत होतं, तरी निमगाव सावाच्या डॉक्टरांचा फोन आला की ते उघडतच नाही. सुमतशेठ म्हणाले, “त्यांचं नेट खराब आसंल, राव. आपल्याकडं तर उघडतंय.” बाईंनी पिशवीत डबा आणि शाळेतलं स्टॉपवॉच टाकलं, मला बरोबर घेतलं आणि आम्ही निमगावला गेलो. दिवसभर कंपाउंडरच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी मोजलं. सर्व्हरला एक सेकंद लागत होता आणि पान निमगावला पोचायला चव्वेचाळीस. कारण शेठनी हौसेने पानाच्या माथ्यावर लेण्याद्रीच्या गणपतीचा भलामोठा फोटो टाकला होता. फोनच्या तारेतून तो इंचाइंचाने उतरत होता. परत आल्यावर बाईंनी फोटो काढून टाकला. शेठ दोन दिवस बोलले नाहीत. मग त्यांनी तोच फोटो फ्रेम करून जिन्यात लावला.

त्या तक्त्यावर सगळ्यात जास्त लाल रेघा माझ्या पानाखाली असत. ‘लस कुठे आहे’ हे पान माझं होतं. पान मागितलं की माझा प्रोग्राम सुरुवातीपासूनच्या सगळ्या नोंदी चाळायचा, आणि नोंदी रोज वाढत होत्या. दुरुस्त कसं करायचं हे मला नीट उमगत नव्हतं आणि बाईंना विचारायची लाज वाटत होती. जूनमध्ये एका शनिवारी मी घड्याळ सुरू करणारी ओळ उचलली आणि खाली नेली. नोंदी चाळून झाल्या की घड्याळ सुरू; चाळण्याचा वेळ मोजणीतच नाही. सोमवारी माझ्या पानाचा आकडा अर्ध्या सेकंदावर आला. लाल रेघ गेली. पुढच्या आठवड्यात खरोखरच दुरुस्त करू, असं मी ठरवलं होतं.

जुलैत बाई तक्त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. “पावसाळ्यात नोंदी वाढतात. हा आकडा वाढायला हवा होता. का नाही वाढला?”

“मी कोड सुधारलाय,” मी म्हणालो.

“अच्छा,” म्हणून त्या जागेवर गेल्या. त्यांनी उघडून पाहिलं नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी न मोजता विश्वास ठेवला.

ऑगस्टमध्ये डोंगराकडच्या एका दवाखान्यात भुईमूग खुरपताना साप चावलेली बाई आली. वय पंचवीस. नाव मी लिहीत नाही. डॉक्टर बाहेरगावी होते. कंपाउंडरने बटण दाबलं. पान येईना. त्याने पुन्हा दाबलं. दर वेळी दाबलं की सर्व्हर सगळ्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागायचा, आधीचं काम अर्धवट असतानाच. त्याने नऊ वेळा दाबलं. वीस मिनिटं गेली. शेवटी त्याने अंदाजाने एका दवाखान्याचं नाव सांगितलं. जीप तिकडे गेली. तिथली लस आदल्या दिवशीच संपली होती. पुढच्या दवाखान्याच्या वाटेवर तिचा जीव गेला.

वीस मिनिटं आधी निघाली असती तर वाचली असती का, हे कोणालाच सांगता येईना. संस्थेचे डॉक्टरही म्हणाले, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर माझं पान उघडं होतं.

“ही ओळ खाली कधी आली?”

“जूनमध्ये.”

“का?”

खाली दुकानात कोणीतरी कापड फाडत होतं, त्याचा टर्र आवाज वर येत होता. बाईंनी ओळ उचलून वर नेली, फाइल सेव्ह केली आणि म्हणाल्या, “बरं.” मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी जाऊन मी नेहमीसारखा जेवलो.

दोन दिवसांनी संस्थेची बैठक झाली. बाईंनी त्या दिवसाचा तक्ता वाचून दाखवला. पहिल्यांदा बटण कधी दाबलं, नवव्यांदा कधी, जीप कधी निघाली. मग म्हणाल्या, “आमच्या अहवालात या पानाचा आकडा खोटा होता.”

“चूक कोणाची?” डॉक्टरांनी विचारलं.

“मोजणी माझी होती,” बाई म्हणाल्या.

मी टेबलाकडे बघत होतो. बोलायला तेव्हा फार तर दोन सेकंद लागले असते.

पुढच्या रविवारी बाई मला घेऊन साप चावलेल्या त्या बाईच्या वाडीवर गेल्या. नवरा ओट्यावर बसला होता. बाईंनी सगळं सरळ सांगितलं. यादी येत नव्हती, आम्हाला ते कळायला हवं होतं, कळलं नाही. मध्येच त्या माझं नाव घेतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी ते घेतलं नाही. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आमी भाईर हुबं व्हतो. कशासाठी थांबलोय तेच आमाला ठाव न्हाई. कुणी म्हनलं आसतं, हितं काय व्हत न्हाई, तर आमी निघालो आसतो.”

परतीच्या एसटीत बाई एकदाच बोलल्या. “उशीर होणारच असेल तर तसं सांगायला हवं. ते मोजण्याइतकंच महत्त्वाचं आहे. मला सुचलं नाही.”

सोमवारी त्यांनी माझ्याशेजारी बसून ते पान नव्याने लिहून घेतलं. सगळ्या नोंदी चाळायच्या नाहीत, फक्त आजची सकाळची बघायची. चार ओळींचं काम होतं. आणि आणखी एक केलं. दहा सेकंदांत यादी आली नाही तर पान आपोआप थांबायचं आणि मोठ्या अक्षरांत दिसायचं, ‘थांबू नका. फोन करा.’ खाली पाच मोठ्या दवाखान्यांचे नंबर. पुढच्या दोन वर्षांत ती अक्षरं किती वेळा दिसली, याचीही त्या नोंद ठेवत.

संस्थेने पुढे काम दुसरीकडे दिलं. बाईंनी त्याआधीच राजीनामा दिला होता. सुमतशेठ म्हणाले, “बाई, चूक समद्यांचीच व्हती. तुमी कशाला जाता?” त्या म्हणाल्या, “मी पुन्हा शिकवणार आहे.” निघताना मी जिन्यापर्यंत गेलो आणि म्हणालो, “बाई, मी डॉक्टरांना सांगतो.”

“सांग,” त्या म्हणाल्या. “कधी?”

मी म्हणालो, “लवकरच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लवकरच म्हणजे किती, असं विचारलं नाही. खाली उतरून स्टँडच्या दिशेने गेल्या.

मी पुण्याला नोकरीला लागलो. तिथे मोठ्या पडद्यावर आलेख असतात, पानांचे वेळ आपोआप मोजले जातात. पहिल्याच आठवड्यात मी साहेबांना विचारलं की घड्याळ नेमकं कुठल्या ओळीपासून सुरू होतं. त्यांना माहीत नव्हतं. पुढे माझी ओळख त्याच कामासाठी झाली. लोक कौतुक करायचे, मी ऐकून घ्यायचो. बाईंना दिवाळीला फोन करायचं ठरवायचो. तीन वेळा केला असेल.

दहाएक वर्षांनी मार्चमध्ये त्यांच्या भावाचा फोन आला. झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत राहिल्या नाहीत. मी मीटिंगमध्ये होतो. “बरं,” म्हणालो आणि परत आत जाऊन बसलो.

ऑगस्टमध्ये रजा काढून त्या वाडीवर गेलो. नवरा ओट्यावर भुईमुगाच्या वाळल्या शेंगा फोडत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मला लगोलग ओळखलं नाही. मी मंचरच्या ऑफिसचं सांगितलं.

“मंग बाई न्हाई आल्या?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“दर सालाला येत्यात की. ह्याच दिसांत. बसत्यात, पोरीचा आभ्यास घेत्यात, जात्यात.” घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. आई गेली तेव्हा ती रांगत असणार. “औंदा आजून न्हाई आल्या. म्हनलं आजारी हायेत का काय.”

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं, बाई मार्चमध्ये गेल्या.

त्याचे हात थांबले. मग म्हणाला, “पोरीला आत्ता सांगू नगा. तिची परीक्षा हाय.”

मग मी दुसरं सांगितलं. ती ओळ मी खाली नेली होती. आकडा मी खोटा केला होता. बाईंना तेव्हा माहीत नव्हतं. बैठकीत मी गप्प बसलो. त्याला ओळ म्हणजे काय ते कळलं नसेल, पण बाकीचं कळलं.

“बाई इतक्यांदा आल्या,” तो म्हणाला. “येकदाबी तुमचं नाव न्हाई घेतलं.”

“नाही घेतलं.”

त्याने शेंगांचं सूप माझ्या पुढ्यात ओढलं. मी फोडायला लागलो. आतून मुलगी पाढे म्हणत होती, सतरा, मग अठरा. कुठेतरी अडली, थांबली. आम्ही दोघेही थांबलो. मग तिचं तिलाच आठवलं.