मंदाचे हात

मंदाच्या सचिनचा फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. "मावशी, आई गेली," तो म्हणाला, आणि मी तशीच ओल्या हातांनी बसून राहिले. मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर राग. अगं बये, आदल्या दिवशीच तर इस्पितळातल्या खाटेवर बसून सांगत होतीस, "न्यूमोनियाच आहे गं, येते दोन दिवसांत, माझ्या वाटचे बोंबील ठेव." ठेवणार होते की गं मी! दीड महिना झाला, राग अजून गेलेला नाही. पण तिची आठवण आली की आधी हसूच येतं, त्याला मी तरी काय करू?

मंदा आणि मी मरोळच्या एकाच चाळीत सुना म्हणून आलो. गौरीच्या जागरणाला फुगडी घालावी तर मंदाने. समोरची दमून बसली की ही पदर खोचून दुसरीला ओढायची. तिच्याशी फुगडी म्हणजे खांदे निखळायचीच तयारी. तर अशा बाईच्या आधी तोंडात फोड आले, मग कमरेवर, पाठीवर, पाण्याने भरलेले. चाळीने निदान केलं, नागीण! तिची मालवणी सासू, जिला आम्ही सगळ्या आये म्हणतो, रोज गेरूचा लेप लावायची आणि शेजारणी पाळीपाळीने पाठ बघून जायच्या. कारण नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतं म्हणतात. मंदा पालथी पडून विचारायची, "काय गं, कुठपर्यंत आली? बोरिवली गेली का?" पण एकदा गेरू पुसताना कातडीच सोलून आली, तेव्हा मात्र सचिन कोणाचं न ऐकता तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. मीही गेले.

कातडीचा तुकडा तपासला, रक्त तपासलं आणि नाव निघालं पेम्फिगस. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. जंतूंशी लढायला आपल्या रक्तात अँटीबॉडीज असतात, पण मंदाच्या रक्तातल्या काही अँटीबॉडीज तिच्याच कातडीवर उलटल्या होत्या. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या प्रथिनांच्या जोरावर. त्या प्रथिनांनाच या अँटीबॉडीज शत्रू समजतात, मग पेशी सुटतात आणि फोड येतो. मंदाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे विटा चांगल्या, सिमेंटच खाल्लं. आमच्या बिल्डरसारखं!" बाई हसून हसून लाल झाल्या. हा आजार कोणाला लागत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मंदाने विचारलं एवढंच, "फुगडी घालता येईल ना?" त्या म्हणाल्या, "सध्या नाव काढू नका. नुसतं घासलं तरी कातडी सुटेल."

औषधांनी तोंड सुजलं, तर "आयुष्यात पहिल्यांदा गाल आले" म्हणून ही खूश. पण माणसं लांब गेली. लागत नाही, लागत नाही, असं मी चाळभर ओरडून सांगितलं, तरी हळदीकुंकवाला बायका तिच्यापुढे करंडा सरकवायच्या, तुझं तूच लाव म्हणून. तिथे ती हसली. घरी आल्यावर म्हणाली, "फोडांचं काही नाही गं... कोणी हात धरत नाही, ते सोसवत नाही." मंदाला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

पुढे सलाइनमधून भारी औषधं दिली, अंगाची जंतूंशी लढायची ताकदही कमी करणारी. हळूहळू रक्तातल्या त्या अँटीबॉडीज उतरल्या, जखमा भरल्या आणि डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, "पण हळू घाला." त्या गौरीला मंदा दोन्ही हात पुढे करून मधोमध उभी राहिली. गाणं सुरू झालं, आणि बायका एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. मी उठणार तेवढ्यात कोपऱ्यातून आये उठली, ऐंशीची म्हातारी! "माजी ढोपरा गेली, तुजी कातडी गेली. आता घाबराचा कोणाक? ये गो!" सासूसुनांनी अशी काही फुगडी घातली की बाकीच्यांना लाज वाटली आणि एकेक पुढे आली. मग काय विचारता! हळू कुठलं नि काय, मंदा कोणाला सोडायलाच तयार नव्हती.

तेव्हापासून तपासणीला गेली की ती बाकावर नव्या पेशंटशेजारी जाऊन बसायची. पदराखाली हात लपवलेली कोणी दिसली की आपला हात पुढे करायची, "आण इकडे." आणि तो हात अलगद आपल्या हातात घेऊन गप्पा. नंबर पुकारला तरी उठायची नाही, मलाच ओरडावं लागायचं. परवा तिची उरलेली औषधं कोणाच्या उपयोगी पडतील म्हणून मी तिथे गेले. बाकावर एक तरुण मुलगी बसली होती, हात ओढणीत गुंडाळून. मला पाहून म्हणाली, "तुम्ही मंदामावशींबरोबर असता ना? त्या नाही आल्या? येते म्हणाल्या होत्या..." "ती आता नाही येणार गं," मी म्हटलं. मग तिच्याजवळ सरकून बसले आणि हात पुढे केला.

"आण इकडे."